तुआतारा : सरड्याच्या रूपातील निराळा प्राणी

न्यूझीलंडमधील तुआतारा ह्या प्राण्याचे चित्र खेड्यातील कोणत्याही शाळेत चौथीच्या मुलांपुढे धरले, तर मुले तत्काळ "सरडा" म्हणतील. एखादा रानात हिंडणारा मुलगा फार तर "घोरपडीचे पिल्लू" म्हणेल. चार पाय, लांब शेपूट, खवल्यांची कातडी आणि मानेपासून पाठीवरून शेपटीकडे गेलेली काट्यांची रांग, असे सर्व काही त्यात सरड्याचेच दिसते. माओरी भाषेतील 'तुआतारा' ह्या नावाचा अर्थही 'पाठीवर काटे असलेला' असाच आहे. मुलांचे उत्तर चुकीचे आहे, परंतु ते हसण्यावारी नेण्यासारखे मात्र नाही. लंडन येथील ब्रिटिश म्युझियममधील जॉन एडवर्ड ग्रे ह्या नामांकित प्राणिशास्त्रज्ञाने १८४२ साली हाच प्राणी पाहून जवळजवळ हेच उत्तर दिले होते, आणि ते बदलण्यास शास्त्रज्ञांना पंचवीस वर्षे लागली.

प्राण्यांच्या वर्गीकरणाचा पाठ शिकविताना शिक्षकांस नेहमी एक अडचण येते. मुले रूपावरून आणि वस्तीवरून प्राण्यांचे गट पाडतात. पाण्यात राहतो तो मासा, उडतो तो पक्षी. देवमासा व वटवाघूळ ही उदाहरणे पाठ्यपुस्तकात असतात, पण मुले ती अपवाद म्हणून पाठ करून टाकतात आणि मूळची समजूत तशीच राहते. तुआताराचे उदाहरण अशा वेळी अधिक उपयोगी पडते, कारण ह्या प्राण्याची ज्यांच्याशी तुलना करावयाची ते प्राणी शाळेच्या आवारातच असतात. भिंतीवरील पाल, कुंपणावरील सरडा, पालापाचोळ्यात सरकणारी सापसुरळी आणि बांधावरची घोरपड हे चौघे निरनिराळ्या कुलांतील असले तरी एकाच गणात मोडतात. त्या गणास स्क्वॅमेटा असे नाव आहे. त्यात अकरा हजारांहून अधिक जाती असून सर्व सापही त्याच गणात येतात. तुआतारा मात्र त्या गणात नाही. म्हणजे नाग हा सरड्याचा जितका जवळचा आप्त आहे, तितकाही तुआतारा नाही. हे एक वाक्य फळ्यावर लिहिले तरी वर्गात प्रश्नांची झोड उठते. (तुलनेसाठी घोरपड मात्र पकडून वर्गात आणू नये व मुलांसही आणू देऊ नये, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे.)

ग्रे ह्यांची चूक कशी झाली, हे पाहणे बोधप्रद आहे. १८३१ साली त्यांच्यापुढे एक कवटी आली. तिचे दात पाचरीसारखे दिसले म्हणून त्यांनी तिला 'स्फेनोडॉन', म्हणजे पाचरीसारख्या दातांचा, असे नाव दिले. पुढे ११ वर्षांनी अखंड प्राणी हाती आला, तेव्हा त्यांनी त्यास 'हॅटेरिया पंक्टाटा' असे वेगळेच नाव देऊन सरड्याच्या अ‍ॅगॅमिडी ह्या कुलात बसविले. एकाच प्राण्याचे डोके एका नावाने आणि धड दुसऱ्या नावाने नोंदले गेले! पुढे दोन्ही एकच ठरल्यावर पहिल्या नावाचा पूर्वार्ध व दुसऱ्याचा उत्तरार्ध मिळून स्फेनोडॉन पंक्टेटस हे आजचे शास्त्रीय नाव झाले. 'पंक्टेटस' म्हणजे ठिपकेदार.

ग्रे ह्यांनी अ‍ॅगॅमिडी हे कुल निवडले त्यास कारणही होते. आपल्या कुंपणावरील सरडा त्याच कुलातील आहे. माणसाचे दात जबड्याच्या हाडातील खाचांमध्ये रोवलेले असतात, तसे सरड्याचे नसतात. ते जबड्याच्या हाडाच्या कडेवरच चिकटून एकजीव झालेले असतात. तुआताराचेही तसेच आहे. पाठीवरील काटे, एकजीव दात आणि अंगाची ठेवण एवढ्या खुणा जुळल्यावर कोणताही शास्त्रज्ञ फसला असता.

१८६७ साली त्याच संग्रहालयातील आल्बर्ट ग्यूंटर ह्यांनी प्राणी उघडून पाहिला. त्यांनी हाडे, जबडा, कान आणि आतील इंद्रिये ह्यांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा निराळेच चित्र पुढे आले. सरड्याच्या कवटीत डोळ्यामागे, कानशिलाच्या जागी, हाडाची एक कमान असते. तिच्याखालची दुसरी कमान अपुरी असते. तुआताराच्या कवटीत वरची व खालची अशा दोन्ही कमानी पूर्ण असतात. कवटीची बाजूची आकृती फळ्यावर काढून सरड्याच्या आकृतीत खालची रेघ पुसून टाकली, की हा भेद लहान मुलासही दिसतो.

दातांतील भेद त्याहून मौजेचा आहे. तुआताराच्या वरच्या जबड्यात दातांच्या दोन समांतर ओळी असतात व त्यांच्यामध्ये खोबण असते. खालच्या जबड्यातील एकच ओळ तोंड मिटताना ह्या खोबणीत जाऊन बसते. नंतर खालचा जबडा पुढे सरकतो आणि भक्ष्य करवतीने कापल्याप्रमाणे कापले जाते. मोठे किडे व समुद्रपक्ष्यांची पिले ह्यांच्यावर हा जबडा चालतो. हे दात पडून पुन्हा येत नाहीत. आयुष्यभर ते झिजत जातात, आणि म्हाताऱ्या तुआतारास गांडुळे, अळ्या असे मऊ अन्न शोधावे लागते. दात गेलेल्या आजोबांस भाकरी कुस्करून द्यावी लागते हे ज्या मुलांनी घरी पाहिले आहे, त्यांस ही गोष्ट सांगितल्यावर विसरणे कठीण.

ह्याशिवाय तुआतारास बाहेरून दिसणारे कानाचे छिद्र नाही. तरी त्यास ऐकू येते. पोटाच्या कातडीखाली फासळ्यांसारखी हाडांची जाळी असते, जी सरड्यास नसते. नरास समागमाचे इंद्रिय नसते. सरडे व साप ह्यांच्यात ते जोडीने असते. अशा सर्व भेदांचा एकत्र विचार करून ग्यूंटर ह्यांनी तुआतारास सरड्यांतून काढले व त्याच्यासाठी ऱ्हिंकोसिफॅलिया, म्हणजे चोचीसारख्या तोंडाचा, असा स्वतंत्र गण स्थापिला. आज पृथ्वीवर ह्या गणात तुआतारा हा एकटाच प्राणी उरला आहे. एका पारड्यात अकरा हजार जाती आणि दुसऱ्यात एक, असे हे दोन गण आहेत. २०२० साली तुआताराच्या जनुकांचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला. बेटांचे परंपरेने राखणदार असलेल्या ङाटीवाई ह्या माओरी समाजाच्या सहकार्याने हे काम झाले. त्यावरूनही सरडे व साप ह्यांच्या पूर्वजांपासून तुआताराचे पूर्वज सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले असाच निष्कर्ष निघाला.

येथे दोन प्रचलित समजुतींविषयी सावध राहिले पाहिजे. तुआतारास कपाळावर तिसरा डोळा असतो, असे अनेक पुस्तकांत मोठ्या कौतुकाने लिहिलेले असते. ते खोटे नाही. पिलाच्या डोक्यावर तो काही महिने दिसतो व नंतर खवल्यांनी झाकला जातो. परंतु असा डोळा पुष्कळशा सरड्यांसही असतो, तेव्हा वर्गीकरणाची खूण म्हणून तो निरुपयोगी आहे. दुसरी समजूत 'जिवंत जीवाश्म' ह्या शब्दांची. हे शब्द ऐकून मुलांस वाटते की कोट्यवधी वर्षांत ह्या प्राण्यात काहीच बदल झाला नाही. वस्तुतः त्याच्या फार जुन्या आप्तांच्या कवट्यांत खालची कमान अपुरीच आढळते. म्हणजे जी कमान जुनेपणाची खूण मानली गेली, तीच तुआताराच्या वंशात मागाहून पुन्हा पूर्ण झालेली आहे. प्राणी जुन्या कुळातला असला तरी तो बदलत आलेला आहे.

ह्या जुन्या कुळाचा शोध घेता घेता अभ्यासक थेट महाराष्ट्राच्या सीमेवर येऊन पोहोचतात. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात प्राणहिता नदीच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. ह्या गावाच्या नावावरून तेथील खडकांस भूशास्त्रात कोटा शैलसमूह असे म्हणतात. हे खडक जुरासिक काळातील, पंधरा कोटी वर्षांहूनही जुने आहेत. बारापासॉरस ह्या प्रचंड डायनोसॉरचे अवशेष ह्याच खडकांत सापडले. त्याच खडकांच्या तेलंगणातील भागातून बारीक चाळणीने माती धुऊन काढताना काही चिमुकले जबडे मिळाले, आणि त्यांचे वर्णन २००१ साली प्रसिद्ध झाले. त्या जबड्यांवरील दात हाडाच्या कडेशी एकजीव झालेले होते. ते तुआताराच्या गणातील प्राणी होते. त्यांपैकी एकास गोदावरीसॉरस आणि दुसऱ्यास रेब्बानासॉरस अशी नावे मिळाली. ज्या खोऱ्यातून गोदावरी वाहते तेथे एके काळी तुआताराचे भाऊबंद डायनोसॉरांच्या पायांखालून पळत होते, हे विदर्भातील शिक्षकांनी तरी अवश्य सांगावे.

ह्याच खोऱ्यातील त्याहूनही जुन्या खडकांत हायपरोडॅपेडॉन नावाच्या, चोच असलेल्या प्राण्याची हाडे सापडतात. केवळ चोचीच्या साम्यावरून तोही पूर्वी तुआताराच्याच गणात घातला जात असे. पुढे हाडांचा अधिक अभ्यास झाल्यावर त्यास तेथून काढावे लागले. रूपावरून फसण्याचा मान केवळ ग्रे ह्यांच्याकडे जात नाही, हे ह्यावरून दिसून येईल.

तुआताराच्या गणातील प्राण्यांचे जीवाश्म युरोप, अमेरिका, आफ्रिका व आशिया अशा बहुतेक खंडांत मिळालेले आहेत. मग आज हा प्राणी न्यूझीलंडमध्येच का? न्यूझीलंडची भूमी सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी दक्षिणेकडील महाखंडापासून तुटून अलग झाली. त्या भूमीवर उंदीर, मांजर, मुंगूस ह्यांच्यासारखे शिकारी सस्तन प्राणी मुळीच नव्हते. जमिनीवर वावरणारा मोठा शत्रू नसल्यामुळे तुआतारा तेथे निर्वेधपणे राहिला. तो केवळ बारीकसारीक बेटांवर होता असे नाही. त्याची हाडे न्यूझीलंडच्या दोन्ही मोठ्या बेटांवरील गुहांत, वाळूच्या टेकड्यांत व जुन्या वस्त्यांच्या उकिरड्यांत सापडतात. तेराव्या शतकाच्या सुमारास पॉलिनेशियातून माओरी लोक होड्यांतून आले, व त्यांच्याबरोबर किओरे नावाचा उंदीर आला. पुढे युरोपीय जहाजांतून मोठे उंदीर, मांजरे व डुकरे आली. मोठ्या भूमीवरील तुआतारा नाहीसा झाला, आणि जेथे उंदीर पोहोचले नाहीत किंवा उशिरा पोहोचले अशा किनाऱ्याजवळील सुमारे ३२ बेटांवर तो उरला. नकाशात ही बेटे दोन पुंजक्यांत दिसतात: एक पुंजका उत्तर बेटाच्या ईशान्य किनाऱ्यालगत, आणि दुसरा उत्तर व दक्षिण बेटांमधील कुक सामुद्रधुनीत. ही बेटे म्हणजे त्या प्राण्याचे मूळ गाव नव्हे. पूर आला असता लोक टेकाडावर जमतात, तशी ती जागा आहे.

उंदराने तुआताराचा नाश कसा केला हे समजण्यासाठी त्याची जीवनरीती ध्यानी घ्यावी लागते. त्याचे सर्वच काम संथ आहे. पूर्ण वाढलेला नर सुमारे ६० सेंटिमीटर लांब व एक किलोग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो, पण एवढे होण्यास त्यास कित्येक वर्षे लागतात. मादी वयात येण्यास दहा ते वीस वर्षे जातात. ती दरवर्षी अंडी घालीत नाही. दोन-चार वर्षांनी एकदा घालते. जमिनीत पुरलेली ती अंडी फुटण्यास एक वर्षाहून अधिक काळ लागतो. आयुष्य मात्र मोठे, शंभर वर्षांपर्यंतही जाणारे असते. इन्व्हरकार्गिल येथील संग्रहालयात पाळलेला हेन्री नावाचा नर अंदाजे १११ वर्षांचा असताना २००९ साली ११ पिलांचा बाप झाला.

मोठ्या तुआतारास उंदीर सहसा मारू शकत नाही. तो अंडी व पिले खातो. त्यामुळे बेटावर उंदीर शिरल्यावरही कित्येक दशके तुआतारा दिसतच राहतात, आणि पाहणाऱ्यास सर्व ठीक आहे असे वाटते. शाळेच्या पटावर सातवीत मुले भरपूर आहेत, पण पहिलीत एकही नाव नाही, अशा शाळेची एकूण पटसंख्या पाहून समाधान मानण्यासारखेच ते आहे. नुसती मोजणी फसवी ठरते. मोजताना वयही पाहावे लागते.

तुआतारास १८९५ साली कायद्याने संरक्षण मिळाले. परंतु कायद्याच्या दृष्टीने तुआतारा म्हणजे एकच प्राणी होता. एका बेटावर तो टिकला म्हणजे काम झाले, असा समज राहिला. वस्तुतः १८७७ सालीच वॉल्टर बुलर ह्यांनी कुक सामुद्रधुनीतील नॉर्थ ब्रदर बेटावरील तुआतारास वेगळी जात मानून, ग्यूंटर ह्यांच्या सन्मानार्थ स्फेनोडॉन गुंथरी असे नाव दिले होते. ते नाव पुढे विस्मृतीत गेले. दरम्यान दुसऱ्या बेटांवरील वसाहती एकामागून एक संपत होत्या. १९९० साली काही संशोधकांनी निरनिराळ्या बेटांवरील तुआतारांच्या रक्तातील प्रथिने तपासली व बुलर ह्यांची जात खरी असल्याचे जाहीर केले. वर्गीकरणाकडे झालेले दुर्लक्ष हे ऱ्हासाचे एक कारण होय, असे त्यांनी स्पष्ट मांडले. नॉर्थ ब्रदर बेट अवघे चार हेक्टरांचे, आणि तेथील प्रौढ तुआतारा काहीशे. एवढ्या तुकड्यावर एक संपूर्ण जात अवलंबून आहे असे कळताच धावपळ सुरू झाली. १९९५ साली तेथील काही प्राणी टीटी बेटावर व १९९८ साली वेलिंग्टनच्या बंदरातील मातीऊ बेटावर नेऊन सोडण्यात आले. लिटल बॅरियर बेटावरील तुआतारा तर संपलेच असे मानले जात होते. १९९१ च्या सुमारास कसून शोध केल्यावर तेथे आठ मिळाले. त्यांस बेटावरच बंदिस्त ठेवून त्यांची पैदास करण्यात आली, आणि उंदरांचा पूर्ण नायनाट झाल्यावर मोकळे सोडण्यात आले.

पुढे २०१० साली जनुकांच्या अधिक सूक्ष्म तपासणीवरून असे ठरले की नॉर्थ ब्रदरचा तुआतारा ही वेगळी जात नव्हे. फार थोडे प्राणी फार काळ एकाकी राहिल्यामुळे त्यांच्यात वेगळेपणा आला होता. आज तुआताराची एकच जात मानली जाते. म्हणजे १९९० चे नाव चुकीचे ठरले, परंतु त्या नावामुळे वाचलेले प्राणी वाचले ते वाचलेच. शिवाय एकच जात मानली तरी उत्तरेकडील व कुक सामुद्रधुनीतील वसाहतींत भेद आहेतच, म्हणून त्यांची सरमिसळ न करता प्रत्येकीची स्वतंत्र काळजी घेतली जाते. वर्गीकरण म्हणजे नावांचे पाठांतर अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी ह्या वीस वर्षांचा इतिहास पाहावा.

सर्वांत मोठी वसाहत स्टीफन्स बेटावर आहे. अवघ्या दीड चौरस किलोमीटरच्या ह्या बेटावर तीस हजारांहून अधिक तुआतारा असावेत असा अंदाज आहे. तेथे समुद्रपक्षी बिळे करून राहतात. त्या बिळांत तुआतारा भाडे न देता बिऱ्हाड करतो, आणि संधी मिळाल्यास घरमालकाची अंडी व पिलेही खातो. ह्याच बेटावरून २००५ साली ७० तुआतारा वेलिंग्टन शहरातील झीलँडिया नावाच्या, उंच कुंपणाने वेढलेल्या राखीव वनात आणले गेले. २००९ साली तेथे पहिले पिल्लू दिसले. मोठ्या भूमीवर मोकळ्या जागेत तुआताराचे पिल्लू दिसण्याची सुमारे दोनशे वर्षांतील ती पहिलीच वेळ होय. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण उपहासाने म्हणतो. तुआतारा सरडा नसला तरी त्याचे प्राण मात्र त्या कुंपणानेच राखले आहेत.

आता चिंता आहे ती उष्णतेची. तुआतारा थंड हवेचा प्राणी आहे. आपला सरडा ज्या गारठ्यात निपचित पडून राहील, त्या गारठ्यात तो रात्री शिकारीस निघतो. त्याच्या पिलांचे लिंग अंड्याभोवतीच्या मातीच्या उष्णतेवर ठरते. माती सुमारे २१ अंश सेल्सियसपेक्षा थंड असली तर बहुतेक माद्या निपजतात. २२ अंशांच्या वर गेली तर बहुतेक नर. एका अंशाच्या आसपासचा हा खेळ आहे. नॉर्थ ब्रदर बेटावर नरांचे प्रमाण माद्यांहून बरेच अधिक झालेले आढळले आहे. बेटावरील प्राण्यास थंड जागेच्या शोधात दुसरीकडे जाता येत नाही, म्हणून ते काम माणसांनी हाती घेतले आहे. २०१२ साली दक्षिण बेटावरील डनीडिन शहराजवळच्या, अधिक थंड हवेच्या कुंपणबंद वनात तुआतारा नेऊन सोडण्यात आले. तेथे अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू वयात येऊन त्यास पिले होईपर्यंत, आज चौथीत बसलेले मूल स्वतःच्या मुलाचे नाव शाळेत घालावयास आलेले असेल.